टॉयलेट पेपर: धाग्याचा शेवटचा मुक्काम

२०२४ साली ब्रिटनमधल्या 'व्हिच?' या ग्राहक संघटनेने बांबूपासून बनवल्याचा दावा करणारे टॉयलेट पेपरचे पाच ब्रँड तपासले. त्यातल्या तिघांत बांबूपेक्षा इतर झाडांचेच धागे जास्त निघाले. एकात तर बांबू जेमतेम २.७ टक्के होता, बाकी माल निलगिरी, अकेशिया अशा झपाट्याने वाढणाऱ्या झाडांचा. झाडं वाचावीत म्हणून जादा पैसे मोजणाऱ्यांची ही चक्क फसवणूक आहे. पण समजा रोलमध्ये शंभर टक्के बांबू असता, तर तो पर्यावरणाला आपोआप चांगला ठरला असता का? याचं उत्तर वेष्टनावरच्या हिरव्या पानात सापडत नाही, त्यासाठी कागदाच्या धाग्यापर्यंत जावं लागतं.

कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंची जाळी. सेल्युलोज ही ग्लुकोजची लांबच लांब साखळी, आणि तिच्या प्रत्येक कडीवर तीन हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) असतात. लगदा ओला असताना हे गट पाण्याच्या रेणूंना धरून असतात. पाणी कमी होऊ लागलं की दोन तंतूंमध्ये उरलेल्या पातळ थराचा पृष्ठताण त्यांना एकमेकांकडे खेचतो. शेवटचं पाणीही उडालं की एका तंतूवरचे हायड्रॉक्सिल गट शेजारच्या तंतूवरच्या गटांशी हायड्रोजन बंधाने जोडले जातात. इथे गोंद लागत नाही. एकेक बंध अगदी दुबळा, रेणूच्या आतल्या सहसंयुज बंधाच्या साधारण विसाव्या हिश्शाइतका. पण असे बंध असंख्य असतात, म्हणून कोरडा कागद टिकतो. तोच कागद भिजला की पाण्याचे रेणू मध्ये शिरतात, बंध स्वतःकडे वळवून घेतात आणि तंतू सुटे होतात. मला रसायनशास्त्रातली ही गोष्ट फार सुंदर वाटते: ज्या पाण्याने जाताजाता कागद जोडला, तेच परत येऊन तो सोडवतं.

कारखान्यात हे सगळं अफाट वेगाने घडतं. लगद्याचा ओला थर वाफेने तापवलेल्या, चार-पाच मीटर व्यासाच्या यँकी ड्रायर नावाच्या सिलिंडरला चिकटवतात. आधुनिक यंत्रावर कागद मिनिटाला दोन हजार मीटरपर्यंत धावतो, म्हणजे ताशी १२० किलोमीटर. सिलिंडरवर वाळायला त्याला सेकंदभरही मिळत नाही. मग एक पातं तो खरवडून काढतं आणि त्या धक्क्याने त्याला साडीच्या निऱ्यांसारख्या बारीक चुण्या पडतात. कागदाचा मऊपणा बराचसा या चुण्यांमुळे येतो. भिंगातून पाहिलं तर त्या आडव्या रेषा स्पष्ट दिसतात.

आता एका बरणीत पाणी घेऊन त्यात टॉयलेट पेपरचा तुकडा टाका, झाकण लावून हलवा. थोड्याच वेळात त्याचा गढूळ लगदा होईल. दुसऱ्या बरणीत कागदी किचन टॉवेल टाका, तो तसाच राहील. कारण त्यात पॉलिअमाइड-एपिक्लोरोहायड्रिन हे रेझिन मिसळलेलं असतं. त्याच्या रेणूत अझेटिडिनियम नावाचं चार अणूंचं ताणलेलं वलय असतं. उष्णतेने ते उघडतं आणि तंतूंवरच्या कार्बॉक्सिल गटांशी, तसंच रेझिनच्याच इतर साखळ्यांशी, सहसंयुज बंध करतं. हे बंध पाण्याला दाद देत नाहीत. म्हणून किचन टॉवेल कमोडमध्ये टाकायचा नाही. 'फ्लशेबल' लिहिलेले ओले वाइप्सही नाहीत. २०१७ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागात गटारात २५० मीटर लांब, सुमारे १३० टन वजनाचा गोळा सापडला होता, तो चरबीचा आणि अशाच वाइप्सचा.

थोडक्यात, वही किंवा खोक्याच्या कागदाला ताकद हवी, टॉयलेट पेपरला मात्र वेळेवर सुटं व्हायला हवं. आणि इथेच निवडीचं गणित सुटतं. तंतू लांब, तर कागद मजबूत. स्प्रूस-पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांचा तंतू साधारण तीन मिलिमीटर लांब, निलगिरीचा एक मिलिमीटर, बांबूचा या दोहोंच्या मधला. रद्दीचा पुन्हा लगदा करताना तंतू तुटतात. शिवाय प्रत्येक वाळवणीत त्यांची सूक्ष्म छिद्रं मिटतात आणि पुन्हा पुरती उघडत नाहीत. बंध धरायला जागा कमी होते, तंतू ताठर होतो. पाच-सात फेऱ्यांनंतर तो वहीच्या कामाचा राहत नाही, पण टॉयलेट पेपरला चालतो. हा असा कागद आहे जो रद्दीत परत येतच नाही. मग त्यासाठी कॅनडाच्या बोरियल, म्हणजे उत्तरेकडच्या थंड प्रदेशातल्या जंगलातला, पहिल्यांदाच वापरला जाणारा लांब तंतू का खर्चायचा? एनआरडीसी या अमेरिकी पर्यावरण संस्थेने २०१९ च्या अहवालात नेमका हाच सवाल केला होता, आणि मला तो बिनतोड वाटतो.

बांबू हे गवत आहे, कापल्यावर कंदातून पुन्हा फुटतं, हे खरंच. पण त्याच्या कागदात चमत्कार काही नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूरच्या गिरणीने बांबूचा लगदा कित्येक दशकं वापरला आहे. त्यातलं लिग्निन, म्हणजे तंतूंना एकत्र धरून ठेवणारं द्रव्य, काढायलाही रसायनं लागतातच, त्यामुळे 'केमिकल-फ्री' हा शब्द दिसला की तो रोल मी खाली ठेवतो. शिवाय कागद वाळवायला प्रचंड ऊर्जा लागते. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांना चीनमध्ये बनलेल्या बांबूच्या टिश्यूचं कार्बन उत्सर्जन अमेरिकेत लाकडापासून बनलेल्या टिश्यूपेक्षा जास्त आढळलं. मुख्य कारण तिथली कोळशावरची वीज. रद्दीच्या कारखान्यालाही ऊर्जा विकत घ्यावी लागते, तर लाकडाच्या कारखान्यात उरलेलं लिग्निन जाळून बरीचशी वाफ मिळते. तरीही झाड उभं राहण्याची किंमत धरली तर माझं मत रद्दीच्याच बाजूने पडतं.

'बायोडिग्रेडेबल' या शब्दाकडे दुर्लक्ष करा, सेल्युलोज कुठलाही असो, कुजतोच. 'पोस्ट-कन्झ्युमर', म्हणजे लोकांनी वापरून टाकलेल्या कागदातून आलेल्या धाग्यांचं प्रमाण किती, ते शोधा. 'रीसायकल्ड' एवढंच लिहिलं असेल तर ती कारखान्यातलीच कात्रणं असू शकतात. एफएससी या जंगल-प्रमाणन संस्थेचं 'रीसायकल्ड' चिन्ह पाहा. ब्लीचिंग क्लोरीनविना केलेलं असावं, कारण क्लोरीन वायूने ब्लीच करताना डायॉक्सिन ही विषारी द्रव्यं तयार होतात. करडा किंवा तपकिरी रंग दिसला तर बिचकू नका. आणि घरात जेट स्प्रे असेल तर कागद फक्त टिपण्यापुरता लागतो, त्याला तीन पदरांची गरज नाही.