शिव गेला तेव्हाचं रडू आणि सिद्धार्थ गेला तेव्हाचं

मालिकेतलं पात्र मेल्याचं दुःख आणि ते पात्र करणारा नट गेल्याचं दुःख बाहेरून इतकं सारखं दिसतं, की घरातली माणसं दोन्ही वेळेला एकच वाक्य ऐकवतात : ‘टीव्हीवरच्या माणसासाठी काय रडतेस!’ ही दोन्ही दुःखं मला खरी वाटतात. पण ती एक नाहीत, आणि त्यांची सरमिसळ झाली की कुणाला तरी नाहक त्रास होतो.

एकाच चेहऱ्याचं उदाहरण घेऊ. कलर्स वाहिनीवर ‘बालिका वधू’ २००८ ते २०१६ चालली. त्यात नायिका आनंदीचा दुसरा नवरा, कलेक्टर शिव, दहशतवाद्यांशी लढताना मारला गेला. ती भूमिका करणारा सिद्धार्थ शुक्ला काही वर्षांनी, २ सप्टेंबर २०२१ रोजी, वयाच्या ४० व्या वर्षी अचानक गेला. चेहरा तोच, आवाज तोच, आणि मरण दोनदा.

खान्देशातल्या पारोळा तालुक्यातली माझी मावशी दोन्ही वेळा रडली. पहिल्या वेळी हातातलं शेंगा फोडायचं काम तसंच टाकून ती म्हणाली, “मरी ग्या वं माय तो! आते तिनं कसं व्हई?” ‘तिनं’ म्हणजे आनंदीचं. दुसऱ्या वेळी बातमी मोबाइलवर आली. मावशीने आनंदीचं नावही काढलं नाही. तिचा प्रश्न होता, “तेन्ही माय काय करत व्हई?” म्हणजे त्याची आई काय करत असेल. शाळेची पायरी फारशी न चढलेल्या बाईने फरक बरोबर पकडला होता. पहिल्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या भागात मिळणार होतं. दुसऱ्याचं उत्तर मुंबईतल्या एका खऱ्या घरात होतं, आणि ते आपल्याला कळावं असा आपला काही हक्क नव्हता.

पात्राचं दुःख लेखकाने बांधून दिलेलं असतं. आठवडाभर आधीपासून त्याची चाहूल लागते, मरणाच्या भागात संगीत थांबतं, कॅमेरा चेहऱ्याजवळ जातो. शिवाय पात्राला आपण आतून बाहेरून ओळखतो. ते रात्री एकटं काय विचार करतं, बायकोपासून काय लपवतं, हे सगळं आपल्यासमोर घडलेलं असतं. इतकं तर आपल्याला सख्ख्या भावाबद्दलही ठाऊक नसतं. म्हणून तिथे मोकळेपणाने रडावं, कुणाला लाजू नये. त्या रडण्यात कुणाचं वाईट होत नाही, आणि तो भाग पुन्हा लावून पुन्हा रडलात तरी चालतं.

आणि हे मरण मागे फिरवता येतं! ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’मध्ये तुलसीचा नवरा मिहीर मेला, तेव्हा देशभरातून एवढा आक्रोश झाला की त्याला जिवंत करून परत आणावं लागलं. पुढे मिहीर करणाऱ्या अमर उपाध्यायने मालिका सोडली, तरी मिहीर राहिलाच. नंतर रोनित रॉयने ती भूमिका वर्षानुवर्षं केली. ‘पवित्र रिश्ता’तला मानवही २०११ मध्ये सुशांतसिंह राजपूतकडून हितेन तेजवानीकडे गेला. पण १४ जून २०२० ला सुशांत गेला, तेव्हा त्याच्या घरातली त्याची जागा दुसऱ्या कुणाला देता येण्यासारखी नव्हती.

नटाचं दुःख चमत्कारिक आहे. खरं तर त्या माणसाला आपण ओळखतच नाही. त्याला काय आवडायचं, त्याचा कुणाशी अबोला होता का, काही माहीत नसतं. तरीही पोटात खड्डा पडतो, कारण वर्षानुवर्षं रोज ठरल्या वेळी तो आपल्या घरात आलेला असतो. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अमेरिकी अभ्यासकांनी १९५६ मध्येच या एकतर्फी ओळखीवर लिहिलं होतं : प्रेक्षकाला जवळीक वाटते, समोरच्याला प्रेक्षक आहे एवढंच माहीत असतं. जवळीक एकतर्फी असली तरी ती तुटल्याची वेदना काही खोटी नसते.

आपल्याकडे पूर्वी ही दोन दुःखं आपोआप वेगळी व्हायची. जत्रेत तमाशाचा फड यायचा. रात्री वगातला राजा हरिश्चंद्र डोंबाघरी राबायचा आणि बाया पदर डोळ्यांना लावायच्या. सकाळी तोच राजा बनियनवर पारावर बसून बशीतून चहा पिताना दिसे, कानामागचा रंग अजून पुरता निघालेला नसे. राजाचं दुःख रात्रीच संपलेलं असे, आणि समोरचा माणूस धडधाकट असे. टीव्हीवरच्या नटाला रंग पुसताना आपण क्वचितच बघतो. म्हणून गल्लत होते.

तरी प्रेक्षकाला अगदीच भोळं समजू नये. ‘रामायण’मधल्या सीतेला, दीपिका चिखलियांना, लोकांनी १९९१ मध्ये खासदार केलं, त्याच निवडणुकीत रावण झालेले अरविंद त्रिवेदीही निवडून आले. सीतेचं अपहरण करणाऱ्याला मत देताना लोकांना फरक नीट कळत होता.

ऐतिहासिक मालिकेत मात्र गुंता वाढतो. ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ फेब्रुवारी २०२० मध्ये संपली. शेवट काय होणार हे लहान पोरांनाही पाठ होतं, तरी घरोघरी माणसं हुंदके देत होती. ते रडू पात्रासाठी म्हणावं, तर शंभूराजे कल्पनेतले नाहीत. १६८९ साली खरोखर तसं घडलं. नटासाठी म्हणावं, तर ती भूमिका करणारे डॉ. अमोल कोल्हे त्याआधीच, २०१९ मध्ये, शिरूरचे खासदार झाले होते. हे तिसरंच काही आहे. त्याला मी इतिहासाचं सुतक म्हणेन आणि पुढे जाईन.

सरमिसळीने त्रास कुठे होतो ते सांगतो. सिद्धार्थच्या अंत्यसंस्काराला कॅमेऱ्यांची अशी झुंबड उडाली की त्याच्या जवळच्या माणसांना धड उभंही राहता येईना. लोकांना शेवटचा भाग बघायचा होता. पण शेवटचा भाग मालिकेचा असतो; अंत्यविधी त्या घरातल्या माणसांचा असतो. विक्रम गोखले यांच्या बाबतीत तर २३ नोव्हेंबर २०२२ च्या रात्री ते गेल्याची बातमी फिरली, श्रद्धांजल्या वाहून झाल्या, आणि ते तेव्हा रुग्णालयात झुंजत होते. २६ तारखेला ते गेले. त्या मधल्या दिवसांत त्यांच्या घरच्यांनी किती फोन घेतले असतील, याचा विचार करून मला आजही राग येतो. पात्र मेलं की गावभर सांगा. माणूस गेल्याचं कानावर आलं, तर घरच्यांनी सांगेपर्यंत फॉरवर्डचं बटण दाबू नका.

खान्देशात कुणी गेलं की आपण दारावर जातो. दोन शब्द बोलतो, चहाला नाही म्हणतो, सुतक फिटण्याच्या विधीला, गंधमुक्तीला, पुन्हा जातो. दुःखाला काहीतरी वाट मिळते. नटाच्या दारावर आपल्याला जाता येत नाही, आणि जाऊही नये. त्याचं काम पुन्हा बघावं, त्याच्याबद्दल शेजारणीशी बोलावं, एवढं पुरेसं आहे.

सिद्धार्थ गेल्यावर मावशीचं रडू मात्र दोन-तीन दिवस थांबेना. मग बोलता बोलता ती तिच्या दिराकडे आली. ते त्याच वर्षी एप्रिलमध्ये कोरोनाने गेले होते. तेव्हा दारावर कुणी आलं नाही, येऊ शकलं नाही. गंधमुक्ती चार माणसांत उरकली. जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये त्या वर्षी असं कितीतरी घरांत झालं. टीव्हीवरच्या एका ओळखीच्या चेहऱ्याने तिचं अडलेलं रडू बाहेर काढलं होतं. म्हणून घरात कुणी नटासाठी फारच रडत असेल, तर तिला गप्प करण्याआधी एकदा विचारा, अजून कुणाची आठवण येतेय का? झोप आणि जेवण आठवडेच्या आठवडे उडालं असेल, तर मानसिक आरोग्यासाठीच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन लावून द्या. सेवा सरकारी आहे, फुकट आहे, आणि मराठीत बोलता येतं.