पॅट्सी क्लाइनची पहिली ५१ गाणी

गाण्यांच्या कुठल्याही ॲपवर पॅट्सी क्लाइन या अमेरिकन कंट्री गायिकेचं नाव शोधून पाहा. (कंट्री म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेलं संगीत.) ‘क्रेझी’ आणि ‘आय फॉल टू पीसेस’ वरच दिसतील. जरा खाली सरकलं की ‘बेस्ट ऑफ’, ‘गोल्डन हिट्स’, ‘लेजेंड’ अशा नावांच्या अल्बमची रांग लागते. मुखपृष्ठं निरनिराळी, पण गाणी फिरून फिरून तीच: ‘हायडिन आउट’, ‘टर्न द कार्ड्स स्लोली’, ‘थ्री सिगारेट्स इन ॲन ॲशट्रे’. ‘क्रेझी’ ऐकून इथे पोचलेला माणूस बुचकळ्यात पडतो. आवाज तर तिचाच आहे, मग गाणी अशी का?

ही गाणी १९५५ ते १९६० या काळात ध्वनिमुद्रित झाली. एकूण ५१. त्यांच्याबद्दल सहसा एकच गोष्ट सांगितली जाते, की तेव्हा बाईंना आपला सूर सापडायचा होता. मला हे पटत नाही. सूर पहिल्या दिवसापासून होता. कोणतं गाणं गायचं हे ठरवायचा हक्क मात्र तिच्याकडे नव्हता, आणि तो का नव्हता हे कळायचं तर ३० सप्टेंबर १९५४ रोजी झालेल्या एका करारापाशी जावं लागतं.

त्या दिवशी ती बावीस वर्षांची होती. खरं नाव व्हर्जिनिया पॅटरसन हेन्स्ली, जन्म ८ सप्टेंबर १९३२, गाव व्हर्जिनिया राज्यातलं विंचेस्टर. वडील घर सोडून गेल्यावर तिची शाळा सुटली. औषधांच्या दुकानातल्या सोडा-काउंटरवर ती काम करायची आणि रात्री जिथे मिळेल तिथे गायची. आई हिल्डा शिवणकाम करून घर चालवायची. लेकीचे काउगर्ल थाटाचे झालर लावलेले पोशाखही तीच शिवायची. लहानपणी घशाचा मोठा आजार झाला आणि त्यातून उठल्यावर आवाजाला हा भरदारपणा आला, असं पॅट्सी स्वतः सांगत असे. वैद्यकशास्त्राला हे कितपत मान्य होईल कोण जाणे, पण आवाज भरदार होता हे खरं. १९५२ पासून ती शेजारच्या मेरीलँडमधल्या बिल पीअर यांच्या वाद्यवृंदात गाऊ लागली. पॅटरसनवरून ‘पॅट्सी’ हे नाव पीअर यांनी सुचवलं. ‘क्लाइन’ हे १९५३ मध्ये जेराल्ड क्लाइनशी झालेल्या लग्नातून आलं. ते लग्न फार टिकलं नाही, नाव टिकलं.

करार झाला फोर स्टार या कॅलिफोर्नियातल्या कंपनीशी. कंपनी लहान होती, पण अगदीच अनोळखी नव्हती. मॅडॉक्स ब्रदर्स अँड रोझ, हँक लॉकलिन, जिमी डीन हे सगळे कंट्री कलाकार कधी ना कधी या कंपनीकडे होते. मालक बिल मॅकॉल. नव्या, गरजू कलाकारांना हेरून कमी टक्क्यांत बांधून घेण्यासाठी ते प्रसिद्ध होते. पॅट्सीच्या करारात रॉयल्टी ठरली २.३४ टक्के. त्या काळी ५ टक्क्यांच्या आसपास मिळायचे, म्हणजे हा दर निम्म्याहून कमी. ध्वनिमुद्रणाचा खर्चही याच पैशांतून वळता व्हायचा.

खरी मेख टक्क्यांत नव्हती. तिने कोणती गाणी गायची, या कलमात होती. ज्या गाण्यांचे प्रकाशन हक्क फोर स्टारकडे आहेत, प्रामुख्याने तीच तिने गायची.

गाणाऱ्याचे पैसे वेगळे आणि गाण्याचे पैसे वेगळे. अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्यानुसार प्रत्येक विकल्या गेलेल्या तबकडीमागे, तिच्यावरच्या प्रत्येक गाण्यासाठी, हक्कदाराला २ सेंट मिळायचे. हा दर १९७८ पर्यंत बदललाच नाही. तबकडीच्या दोन बाजू, दोन गाणी, म्हणजे ४ सेंट. रिवाजानुसार यातला अर्धा वाटा प्रकाशकाचा आणि अर्धा गीतकार-संगीतकाराचा. तबकडीची किंमत नव्वदेक सेंट धरली तर पॅट्सीच्या २.३४ टक्क्यांचे होतात जेमतेम दोन सेंट, तेही खर्च वजा होण्याआधी. म्हणजे तबकडीवर नाव तिचं, गळा तिचा, आणि गाण्याच्या कागदाचा मालक तिच्याहून अधिक कमावणार.

त्यात मॅकॉल यांची आणखी एक तऱ्हा होती. हातातोंडाची गाठ घालणारे गीतकार थोडे डॉलर रोख घेऊन गाण्यातला आपला वाटा विकायचे. मग श्रेयनामावलीत एक नाव झळकायचं: डब्ल्यू. एस. स्टीव्हन्सन. पॅट्सीच्या सुरुवातीच्या कितीतरी गाण्यांवर ते दिसतं. या स्टीव्हन्सनसाहेबांना कुणी पाहिलं नव्हतं, कारण ते मॅकॉल यांचंच टोपणनाव होतं. प्रकाशकाचा वाटा खिशात होताच, आता गीतकाराचाही काही भाग त्याच खिशात.

फोर स्टारने पॅट्सीच्या तबकड्या स्वतः काढल्याच नाहीत असं म्हटलं तरी चालेल. ती ध्वनिमुद्रणं त्यांनी डेका या बड्या कंपनीला भाड्याने दिली. पहिल्या तबकड्या डेकाच्याच कोरल या शाखेकडून निघाल्या, नंतरच्या डेकाच्या नावाने. ध्वनिमुद्रण होणार होतं नॅशव्हिलमध्ये, टेनेसी राज्यातल्या कंट्री संगीताच्या माहेरघरी, निर्माते ओवेन ब्रॅडली यांच्या हाताखाली. या सगळ्या व्यवहारात पॅट्सीच्या वाट्याला आलेली भाग्याची गोष्ट बहुधा ही एवढीच.

ब्रॅडली स्वतः पियानोवादक आणि नृत्यवृंदाचे संचालक होते. धाकटे भाऊ हॅरॉल्ड गिटार वाजवायचे. दोघांनी सोळाव्या ॲव्हेन्यूवर एक जुनं घर घेऊन त्यात स्टुडिओ थाटला होता. आज ‘म्युझिक रो’ म्हणून जो भाग ओळखला जातो, त्याची सुरुवात याच घरापासून झाली. १ जून १९५५ रोजी पॅट्सीने तिथे पहिली चार गाणी गायली. स्टील गिटारवर, म्हणजे आडवी ठेवून तारांवर धातूची कांडी सरकवत वाजवायच्या गिटारवर, होते डॉन हेल्म्स. विख्यात कंट्री गायक हँक विल्यम्सच्या गाण्यांमागे जी रडवी, लांबत जाणारी स्टील ऐकू येते ती याच माणसाची. हँक जाऊन तेव्हा अडीचच वर्षं झाली होती.

त्या चारांतलं ‘अ चर्च, अ कोर्टरूम, देन गुडबाय’ हे तिच्या पहिल्या तबकडीवर आलं. चर्चमध्ये लग्न, कोर्टात काडीमोड, मग रामराम. गोष्ट शीर्षकातच संपते. शब्द बेताचे, चाल त्याहून बेताची. पण ‘गुडबाय’पाशी तिचा आवाज किंचित मोडतो आणि लगेच सावरतो तो ऐका. पुढे ‘क्रेझी’त जी जागा जगाने डोक्यावर घेतली, ती इथे आधीच आहे. फरक एवढाच की इथे त्या जागेला पेलणारं गाणं नाही.

तबकडी चालली नाही. पुढच्याही चालल्या नाहीत. मग ब्रॅडली यांनी गाणी बदलता येत नाहीत तर पेहराव बदलून पाहिला. १९५६ हे एल्विसचं वर्ष होतं, तेव्हा ‘स्टॉप, लुक अँड लिसन’ला रॉकबिलीची, म्हणजे रॉक अँड रोल आणि कंट्रीच्या मिश्रणाची, चाल दिली. कधी निखळ हॉन्की-टॉन्क, म्हणजे दारूच्या गुत्त्यांतलं कंट्री, कधी वॉल्ट्झ, पुढे ‘जस्ट अ क्लोजर वॉक विथ दी’सारखं भजन. १९५७ च्या एप्रिलमध्ये तिला न्यूयॉर्कला नेऊन अनिता कर सिंगर्सच्या कोरससह शहरी थाटाची गाणीही करून पाहिली. ही ५१ गाणी ओळीने ऐकली की एखाद्या शिंप्याच्या दुकानात बसल्यासारखं वाटतं. माप बरोबर घेतलंय, हात कसबी आहे, पण ठाणातलं कापड एकच.

अपवाद एक, आणि तोही तिला नको होता. डॉन हेक्ट आणि ॲलन ब्लॉक यांनी ‘वॉकिन आफ्टर मिडनाइट’ लिहिलं ते के स्टार या पॉप गायिकेसाठी. तिच्या कंपनीने ते नाकारलं आणि गाणं फोर स्टारच्या फडताळात येऊन पडलं. पॅट्सीला ते पॉप वाटलं, आणि ती स्वतःला पक्की कंट्री गायिका समजायची. अखेर तडजोड झाली. एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला तिच्या पसंतीचं ‘अ पुअर मॅन्स रोझेस’. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी दोन्ही ध्वनिमुद्रित झाली.

तबकडी बाजारात यायच्या आतच सीबीएस या दूरचित्रवाणी वाहिनीवरच्या आर्थर गॉडफ्रेच्या ‘टॅलेंट स्काउट्स’ कार्यक्रमाचं बोलावणं आलं. नियम असा की स्पर्धकाला कुणीतरी पारखी माणूस घेऊन येणार आणि तो घरचा नसावा. हिल्डाबाई बेधडक पारखी म्हणून हजर झाल्या आणि आपण हिची आई आहोत हे त्यांनी सांगितलं नाही. आईने शिवलेला काउगर्लचा पोशाख कार्यक्रमवाल्यांनी बाजूला ठेवायला लावला आणि साधा कॉकटेल ड्रेस घालायला सांगितलं. गाणंही त्यांनीच ठरवलं: ‘वॉकिन आफ्टर मिडनाइट’. २१ जानेवारी १९५७ च्या रात्री तिने ते गायलं, टाळ्यांच्या जोरावर स्पर्धा जिंकली आणि डेकाला घाई करावी लागली. ११ फेब्रुवारीला तबकडी आली. कंट्री गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत ती दुसऱ्या क्रमांकावर गेली, आणि पॉपच्या यादीत बाराव्या. कंट्री गायिकेने पॉपच्या यादीत इतकं वर जाणं तेव्हा नवलाचं होतं.

ऑगस्ट १९५७ मध्ये तिच्या नावाची पहिली लाँगप्ले आली. पुढची तीन वर्षं जवळजवळ कोरडी गेली. १९६१ उजाडेपर्यंत दुसरी एकही तबकडी यादीत चढली नाही. सप्टेंबर १९५७ मध्ये तिने चार्ली डिकशी लग्न केलं, पुढच्या वर्षी मुलगी झाली. १९५९ मध्ये कुटुंब नॅशव्हिलला आलं आणि जानेवारी १९६० मध्ये ग्रँड ओल ऑप्री या तिथल्या मानाच्या कंट्री रेडिओ कार्यक्रमाने तिला सदस्य करून घेतलं. त्याच महिन्यात फोर स्टारसाठीचं शेवटचं ध्वनिमुद्रण झालं. त्यात ‘लव्हसिक ब्लूज’ आहे, १९२२ चं जुनं गाणं, हँक विल्यम्सने १९४९ मध्ये गाजवलेलं. पॅट्सी ते असं गाते की जणू आता गमवायला काही उरलेलंच नाही. त्या ५१ मधलं एकच ऐकायचं असेल तर मी हे सुचवेन.

करार संपला आणि डेकाने तिला थेट आपल्याकडे घेतलं. तिने आगाऊ मागितले होते १००० डॉलर. नॅशव्हिलमधलं डेकाचं काम एव्हाना ब्रॅडली यांच्याकडे आलं होतं. स्टुडिओ तोच, वादकही बरेचसे तेच, गायिका तीच. बदललं ते एवढंच, की आता कुणाचंही गाणं घेता येणार होतं. १६ नोव्हेंबर १९६० रोजी हँक कॉक्रन आणि हार्लन हॉवर्ड यांचं ‘आय फॉल टू पीसेस’ ध्वनिमुद्रित झालं. त्याआधी इतर कलाकारांनी ते परत केलं होतं. पॅट्सीही सुरुवातीला कुरकुरली, विशेषतः जॉर्डनेअर्स या पुरुष गायकांच्या चमूच्या कोरसवरून. पुढच्या ऑगस्टमध्ये ते कंट्रीच्या यादीत पहिलं होतं. त्याच ऑगस्टमध्ये विली नेल्सन या फारशा माहीत नसलेल्या गीतकाराचं ‘क्रेझी’ हाती घेतलं गेलं.

आणि त्याच दिवसांत तिने ‘वॉकिन आफ्टर मिडनाइट’ पुन्हा गायलं, ‘शोकेस’ या लाँगप्लेसाठी. दोन्ही मुद्रणं एकापाठोपाठ ऐकण्यासारखी आहेत. १९५६ च्या गाण्यात हेल्म्सची स्टील रस्त्यावरच्या दिव्यासारखी लुकलुकते आणि पॅट्सी जरा पुढे झुकून, खरखर ठेवून गाते. १९६१ मध्ये मागे जॉर्डनेअर्सचा मऊ कोरस आहे, आवाज गोल झालाय, चाल निवांत. दुसरं अधिक देखणं आहे, तरी मध्यरात्री एकटी भटकणारी बाई मला पहिल्यातच दिसते.

५ मार्च १९६३ रोजी टेनेसीतल्या कॅमडनजवळ विमान कोसळून ती गेली. वय तीस. १९७३ मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळालेली ती पहिली एकल गायिका ठरली. डेकाकडची नंतरची मुद्रणं कंपनीने जपून, बेताबेताने बाजारात आणली. फोर स्टारच्या ५१ गाण्यांना असा कुणी राखणदार नव्हता. ती मुळातच भाड्याने द्यायचा माल होती, तशीच राहिली. या कंपनीकडून त्या कंपनीकडे गेली, स्वस्त लाँगप्लेवर, मग पेट्रोलपंपावरच्या कॅसेटींवर, मग सीडींवर. ॲपवरची ती रांग तिथूनच आली आहे. आणि त्यातल्या कितीतरी गाण्यांखाली, गीतकाराच्या जागी, अजूनही लिहिलेलं असतं: डब्ल्यू. एस. स्टीव्हन्सन.