पोलीस चॅप्लेनशी बोललेलं कोर्टात किती टिकतं?

अमेरिकेतल्या मोठ्या शहरांच्या पोलीस दलांत चॅप्लेन, म्हणजे दलासाठी नेमलेले धर्मगुरू, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आहेत. आधी काम होतं अंत्यविधी, शपथविधी आणि इस्पितळातल्या भेटींचं. पुढे गस्तीच्या गाडीत सोबत बसणं, मृत्यूची बातमी घरी जाऊन सांगणं, गोळीबारानंतर अधिकाऱ्याजवळ थांबणं हेही आलं. गुंता तिथून वाढला.

१८१३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने एका कॅथलिक धर्मगुरूला पापनिवेदनात, म्हणजे भाविकाने त्याच्यापुढे दिलेल्या पापाच्या कबुलीत, कळलेल्या चोरीच्या मालाबद्दल साक्ष द्यायला भाग पाडलं नाही. चारच वर्षांनी एका प्रोटेस्टंट पाद्र्याला ते संरक्षण मिळालं नाही, म्हणून १८२८ मध्ये सर्व पंथांसाठी कायदा झाला. पण त्याची भाषा पापनिवेदनाची. पोलीस ठाण्याच्या पार्किंगमधलं बोलणं त्यात कुठे बसणार?

आज साधारणपणे तीन गोष्टी पाहिल्या जातात: ऐकणारा मान्यताप्राप्त धर्मगुरू आहे का, तो त्याच नात्याने ऐकत होता का, आणि बोलणं गुप्त राहील अशी खात्री बोलणाऱ्याला होती का. गाडीत तिसरा माणूस असला किंवा बॉडी कॅमेरा सुरू राहिला, की तिसरी अट ढासळते. चॅप्लेनने पोलीस म्हणूनही शपथ घेतली असेल तर दुसरीही, कारण गुन्ह्याची माहिती वरिष्ठांना देणं मग त्याचं कर्तव्य ठरतं. ही दुहेरी नेमणूक टाळलीच पाहिजे. अधिकारी एकदा बिचकला की पुन्हा बोलत नाही.

१९९१ मध्ये इलिनॉयमधल्या एका महिला अधिकाऱ्याच्या गोळीने एक जण ठार झाला. नंतर तिने समुपदेशन घेतलं आणि मृताच्या कुटुंबाने त्या नोंदी कोर्टात मागितल्या. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी त्या गुप्त ठरवल्या. मात्र हे संरक्षण परवानाधारक मानसोपचारतज्ज्ञ आणि समाजसेवकांपुरतं. चॅप्लेनची भिस्त राज्यांच्या जुन्या कायद्यांवरच राहिली.

म्हणून जाणते चॅप्लेन गोळीबारानंतर पहिल्याच वाक्यात सांगतात, "काय घडलं ते वकिलाला सांगा, तुम्ही कसे आहात ते मला सांगा." आत्महत्येचा धोका किंवा मुलांवरचा अत्याचार कळला तर गप्प राहता येणार नाही, हेही तिथेच सांगून टाकतात. मासिक अहवालात फक्त तास आणि भेटीचा प्रकार लिहितात, नाव नाही.

२०२१ मध्ये सहकाऱ्यांकडून मिळणाऱ्या समुपदेशनाला गुप्ततेचं कवच देणारा कायदा झाला, पण तो फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, पोलीस यंत्रणांपुरता. शहर आणि काउंटीच्या दलांतले चॅप्लेन अजून आपापल्या राज्याच्या नियमांवरच अवलंबून आहेत.