हाचिकोची पहिली वेलांटी

आधी मुळाक्षरं, मग बाराखडी, मग जोडाक्षरं आणि हे सगळं पक्कं झालं की गोष्टीचं पुस्तक, असा क्रम पहिलीतल्या मुलांचे पालक अगदी ठामपणे सांगतात. बाराखडी हवीच, त्यात वाद नाही. पण बाराखडी पाठ असलेलं मूल वाचू लागतं तेव्हा त्याच्या मेंदूला आणखी एक काम करावं लागतं. ते सुट्या अक्षरांवर होत नाही. त्याला मजकूर लागतो, आणि तोही पुन्हा पुन्हा वाचावासा वाटणारा. मला यासाठी हाचिकोची खरी गोष्ट फार मोलाची वाटते.

हाचिको हा १९२३ साली जन्मलेला, अकिता जातीचा कुत्रा. टोकियोतले कृषी विषयाचे प्राध्यापक हिदेसाबुरो उएनो यांनी त्याला पाळलं होतं. ते परतायच्या वेळी तो शिबुया स्टेशनवर जायचा. २१ मे १९२५ला प्राध्यापक अचानक वारले, तरी हाचिको ८ मार्च १९३५ला स्वतः मरेपर्यंत स्टेशनवर येत राहिला. जपानमध्ये त्या काळी ही गोष्ट शाळेच्या नीतिपाठात आली. आपल्याला तिच्यातून नीती काढायची घाई नको, वाचन काढू या. मुलासमोर एवढाच मजकूर ठेवू:

“हाचिको स्टेशनवर गेला. गाडी आली. माणसं उतरली. सर आले नाहीत. हाचिको घरी गेला. दुसऱ्या दिवशी हाचिको पुन्हा स्टेशनवर गेला.”

यातले शब्द सारखे परत येतात, कारण कुत्रा खरोखरच रोज तेच करत होता. ‘स्टेशन’मधल्या जोडाक्षरासाठी वर्षभर थांबायचीही गरज नाही. शब्द कानाला ओळखीचा आहे, तेव्हा ‘स्टे’ एकदा फोड करून दाखवला की पुरतं.

आता ‘हाचिको’ हा शब्द मुलाच्या बोटाखाली आहे असं समजा. ‘हा’ सरळ आहे. पुढे डोळ्यांना आधी पहिली वेलांटी दिसते आणि मग च. जिभेला मात्र आधी च् म्हणायचा आहे, मग इ. म्हणजे दिसलेली खूण क्षणभर धरून ठेवायची, पुढचं अक्षर घ्यायचं आणि क्रम उलटा करून बोलायचं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या देवनागरीच्या एका अभ्यासात, अशी वेलांटी असलेले हिंदी शब्द उच्चारायला जास्त वेळ लागतो असं दिसलं होतं. मूल तिथे अडखळतं, ते मठ्ठ आहे म्हणून नव्हे.

अडखळत का होईना, मुलाने शब्द स्वतः जुळवला की अक्षरांचे आकार, त्यांचे आवाज आणि अर्थ यांची गाठ बसते. डेव्हिड शेअर या संशोधकाने याला स्वयंशिक्षण म्हटलं. १९९९च्या त्याच्या प्रयोगात दुसरीतल्या मुलांनी हिब्रू भाषेतले छोटे उतारे वाचले. त्यांत नवी, बनवलेली नावं मोजक्या वेळा आली होती. तीन दिवसांनी त्याच उच्चाराची दुसरी स्पेलिंग समोर ठेवली, तरी मुलांना वाचलेली स्पेलिंग ओळखता आली. आपल्याकडे ‘चि’ आणि ‘ची’ यांतला फरक रोजच्या बोलण्यात जेमतेम ऐकू येतो. तो डोळ्यांनीच टिपावा लागतो, आणि टिपला जातो तो असा. सरावाने मेंदूच्या डाव्या बाजूला, मागे तळाशी असलेला एक भाग लिखित शब्दांना तत्परतेने प्रतिसाद देऊ लागतो. मग शब्द जुळवावा लागत नाही, दिसताक्षणी ओळखू येतो.

म्हणूनच चित्र आधी दाखवू नये. कुत्र्याचं चित्र बघून ‘कुत्रा’ म्हणणारं मूल अंदाज करतं, अक्षरांकडे बघतही नाही. आणि डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणारे ‘मिडब्रेन’चे वर्ग? नाकाशेजारच्या फटीतून मूल डोकावतं, एवढंच त्यातलं रहस्य आहे. वाचन डोळे आणि कानांच्या भागीदारीवर उभं आहे. अशा वर्गांसाठी हजारो रुपये घेणं ही शुद्ध फसवणूक आहे.

गोष्ट खरी असली की मुलं हमखास विचारतात, “खरंच असं झालं?” मग ती मजकुरात परत शोधायला जातात, आणि आपल्याला हवं असलेलं पुनर्वाचन न सांगता होतं. अर्थात खरेपणाची काळजी आपणही घ्यायला हवी. याकितोरीची, म्हणजे भाजलेल्या कोंबडीचे तुकडे ओवतात ती, काडी गिळून हाचिको मेला असं बरीच वर्षं सांगितलं जायचं. पोटात काड्या सापडल्या होत्या हे खरं, पण जपून ठेवलेल्या त्याच्या अवयवांची टोकियो विद्यापीठात पुन्हा तपासणी झाली, तेव्हा २०११ साली फुप्फुसात आणि हृदयात कर्करोग असल्याचं जाहीर झालं.

लेखनासाठी वेगळा धडा नको. दोन-तीन दिवसांनी मजकूर झाकून तीच सहा वाक्यं सांगा आणि मुलाला हाताने लिहू द्या. ‘हाचीको’ लिहिलं तर लाल फुली मारू नका. झाकलेला मजकूर उघडा, आपली चूक त्याची त्यालाच शोधू द्या आणि तो शब्द पुन्हा झाकून लिहायला सांगा.