पहारेकऱ्याचे जागणे : पोलीस सेवा आणि ख्रिस्ती श्रद्धा यांच्या नात्याची पार्श्वभूमी

२९ सप्टेंबर १८२९. त्या संध्याकाळी लंडनच्या रस्त्यांवर निळ्या कोटातले, उंच टोप्या घातलेले शिपाई पहिल्यांदा गस्तीला निघाले. गृहमंत्री रॉबर्ट पील यांनी उभे केलेले हे मेट्रोपोलिटन पोलीस दल. चर्चच्या पंचांगात २९ सप्टेंबर हा देवदूत मीखाएलचा सण. तारखेमागे काही धार्मिक हेतू होता असे मी म्हणणार नाही. पण पुढच्या दोनशे वर्षांत हा दिवस पोलिसांना पुन्हा पुन्हा भेटत राहिला, म्हणून सुरुवात इथून.

त्या पहिल्या शिपायांना आठवड्याला २१ शिलिंग मिळत. ड्युटी सातही दिवस. ड्युटी नसतानाही वर्दीतच राहायचे; कामावर आहे की नाही हे ओळखण्यासाठी बाहीवर पट्टा असे. लोकांचा विश्वास नव्हता. हे सरकारचे हेर आहेत, असे उघड बोलले जाई. दारूपायी पहिल्या काही वर्षांत शेकडो जण घरी गेले. पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देण्याचा अधिकारही पोलिसाला १८८७ पर्यंत नव्हता. ज्याने सगळ्यांची राखण करायची, त्याला समाजाने उंबऱ्याबाहेर उभे केलेले. पोलिसांमधले ख्रिस्ती कार्य उगवले ते या एकटेपणात.

पण त्याआधी थोडे मागे जायला हवे, कारण तलवार बाळगणाऱ्या माणसाशी ख्रिस्ती धर्माचे नाते सुरुवातीपासून सरळ नव्हते. नव्या करारात रोमन शताधिपती, म्हणजे शंभर सैनिकांवरचे अधिकारी, भेटतात ते बहुतेक चांगल्या रूपात. कफर्णहूमचा शताधिपती आपल्या चाकरासाठी येशूकडे येतो, आणि एवढा विश्वास मला इस्राएलातही आढळला नाही, असे येशू त्याच्याबद्दल म्हणतो. कर्नेल्य हा बिगर-यहुदी सैनिक सगळ्या घरादारासह बाप्तिस्मा घेतो. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे शिपाई येतात आणि विचारतात, आम्ही काय करावे? योहान त्यांना नोकरी सोडायला सांगत नाही. धाक घालून कोणाला लुबाडू नका, कोणावर खोटा आळ आणू नका, आपल्या पगारात समाधानी राहा, एवढेच सांगतो. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा सल्ला आजच्या कोणत्याही ठाण्याच्या भिंतीवर लावावा असा आहे.

तरीही पहिल्या शतकांतले सगळे ख्रिस्ती विचारवंत या नोकरीवर खूश नव्हते. उत्तर आफ्रिकेतल्या तेर्तुल्यनने तिसऱ्या शतकाच्या आरंभी ख्रिस्ती माणसाने सैन्यात असावे का, असा प्रश्न केला आणि त्याचे उत्तर नकाराकडे झुकणारे होते. दुसऱ्या बाजूला नव्या करारातला, प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा तेरावा अध्याय. त्यात अधिकारी हा लोकांच्या हितासाठी असलेला देवाचा सेवक आहे, तो तलवार उगाच बाळगत नाही, असे म्हटले आहे. ख्रिस्ती पोलिसांच्या प्रार्थनासभांत आजही सर्वात जास्त वाचला जाणारा उतारा बहुधा हाच. त्याचा गैरवापरही तितकाच झाला. त्याकडे पुढे येतो.

मला स्वतःला मात्र या सगळ्यांत जवळचा वाटतो तो फिलिप्पै शहरातला बंदीशाळेचा नायक, म्हणजे तुरुंगाधिकारी. नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातली ही कथा. पौल आणि सीला यांना फटके मारून तुरुंगात टाकलेले, पाय खोड्यात. मध्यरात्री भूकंप होतो, दारे उघडतात. कैदी पळाले असे समजून तो नायक स्वतःवर तलवार उगारतो. पौल ओरडतो, स्वतःला इजा करून घेऊ नकोस, आम्ही सगळे इथेच आहोत. मग त्याच रात्री तो त्या दोघांना बाहेर घेतो आणि त्यांच्या जखमा धुतो. कैद्याने पहारेकऱ्याचा जीव वाचवला आणि पहारेकऱ्याने कैद्याच्या जखमा धुतल्या. पोलिसांच्या संदर्भात ख्रिस्ती श्रद्धा म्हणजे काय, हे एवढ्या थोड्या ओळींत दुसरीकडे कुठे सांगितलेले मला माहीत नाही.

आता १८८३. कॅथरीन गर्नी ही तेव्हा पस्तिशीतली बाई. वडील जोसेफ गर्नी पार्लमेंटचे लघुलेखक होते. ती कामगार पुरुषांसाठी बायबलचे वर्ग घेत असे, आणि तिथून तिचे लक्ष पोलिसांकडे वळले. त्या वर्षी तिने ख्रिश्चन पोलीस असोसिएशनची स्थापना केली. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली एक अविवाहित बाई रात्रपाळीच्या पुरुषांमध्ये प्रार्थना, वाचन, चहा आणि गप्पा यांचे काम उभे करते, हे तेव्हा किती वेगळे वाटले असेल याची कल्पना करावी. शिपायांना उपदेश करणारे आधीही होते. गर्नीने मात्र त्यांच्या अडचणी विचारल्या, आणि विचारून झाल्यावर ती गप्प बसली नाही.

अडचणी साध्या होत्या. आजारी किंवा जखमी पोलिसाला बरे व्हायला जागा नव्हती. दवाखान्यातून सुटला की घरी, आणि घरी म्हणजे बऱ्याचदा एका खोलीत. तिथून परत बीटवर. दुसरी अडचण मुलांची. लंडनच्या पोलिसांच्या अनाथ मुलांसाठी ट्विकनहॅमला १८७० पासून अनाथालय होते, पण इतर परगण्यांतल्या दलांना त्याचा उपयोग नव्हता. तिकडे शिपाई गेला की बायकोमुलांना धर्मादायाच्या दारात उभे राहावे लागे.

गर्नीने १८९० मध्ये होव्ह या समुद्रकाठच्या गावात एका साध्या घरात पोलिसांसाठी आरोग्यभवन सुरू केले. त्या कामात तिच्याबरोबर मेरी ग्रिफिन होती. काही वर्षांतच ती जागा अपुरी पडली आणि मोठी इमारत बांधावी लागली. मग उत्तरेत यॉर्कशायरमधल्या हॅरोगेटला तसेच दुसरे घर निघाले. दक्षिणेत रेडहिलला आणि उत्तरेत हॅरोगेटला पोलिसांच्या मुलांसाठी अनाथालये उभी राहिली. यांतल्या कशालाही सरकारने पुढाकार घेतला नव्हता. पोलिसांच्या पगारातून येणारी छोटी वर्गणी आणि लोकांच्या देणग्या यांवर हे चालले. गर्नी १९३० मध्ये गेली. तिचे दफन हॅरोगेटलाच झाले. तिथले उपचार केंद्र आजही पोलिसांसाठी चालू आहे, आणि पाठीच्या व गुडघ्याच्या दुखण्याइतकेच तिथे मनाच्या थकव्यावरही काम होते.

गर्नीचे आणखी एक काम आहे, ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. जॉन केम्पस्टर हा पोलिसांसाठी १८९३ मध्ये निघालेल्या साप्ताहिकाचा संपादक. पोलिसाला आठवड्यातून एक दिवस सुटी मिळालीच पाहिजे, यासाठी त्याने वर्षानुवर्षे लिखाण आणि पाठपुरावा केला, आणि गर्नी त्या मोहिमेत त्याच्याबरोबर होती. १९१० मध्ये पार्लमेंटने पोलिसांच्या साप्ताहिक सुटीचा कायदा केला. आज ही मागणी कामगार हक्काची वाटेल, आणि ती आहेही. पण तिच्या मुळाशी दहा आज्ञांमधला शब्बाथ आहे. तिथे विसाव्याचा दिवस मालकापुरता नाही. चाकर, दासी, परका, इतकेच काय गुराढोरांनाही तो आहे. रविवारी इतरांच्या उपासनेला बंदोबस्त देणाऱ्या शिपायाला स्वतःचा रविवार नसावा, हे गर्नीला श्रद्धेच्याच दृष्टीने पटले नाही.

मराठी वाचकाला यात ओळखीचे काही दिसेल. मुंबईत पोलिसांसाठी आठ तासांच्या पाळीचा प्रयोग २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात सुरू झाला, आणि त्याची कल्पना एका शिपायानेच मांडली होती. त्याआधी बारा तास हा नियम, आणि सणासुदीला त्यालाही धरबंध नाही. गणपती विसर्जनाच्या दिवशी सकाळी चौपाटीवर उभा राहिलेला हवालदार दुसऱ्या दिवशी दुपारी घरी येतो, आणि त्याच्या घरचा गणपती त्याच्याशिवाय गेलेला असतो. बांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेतही तेच. ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी ती सुरू होते, कधी गणेशोत्सवाला लागूनच येते, आणि दोन्हींचा ताण त्याच माणसांवर पडतो. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबई पोलिसांतला असंतोष संपापर्यंत गेला, तेव्हा आयुक्तपदी होते ज्युलिओ रिबेरो, मूळ गोव्याचे कॅथलिक. पुढे पंजाबात पोलीस सेवेत असताना आणि नंतर रोमानियात राजदूत असताना त्यांच्यावर प्राणघातक हल्ले झाले.

कॅथलिक परंपरेने पोलिसांना आधार दिला तो वेगळ्या वाटेने, आश्रयदात्या संतांच्या रूपाने. १९४९ मध्ये पोप पायस बारावे यांनी देवदूत मीखाएलला इटलीच्या पोलिसांचा आश्रयदाता घोषित केले. तारीख पुन्हा २९ सप्टेंबर. त्याच वर्षी काराबिनिएरी या दुसऱ्या इटालियन दलासाठी मरियेला 'विश्वासू कुमारी' या नावाने आश्रयदाती केले. अजगराशी लढणारा मीखाएल पोलिसाला आवडणे साहजिक आहे. मात्र त्या चित्राचा एक धोका आहे: आपण देवदूत आणि समोरचा अजगर, असे वाटू लागले की कोठडीतला माणूस माणूस उरत नाही.

हा धोका कल्पनेतला नाही. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेत सरकारच्या बाजूचे पाद्री रोमकरांस पत्राचा तोच तेरावा अध्याय वाचून दाखवत. फ्रँक चिकाने हे कृष्णवर्णीय पाळक होते. १९७०च्या दशकात कोठडीत त्यांचा छळ झाला, आणि त्यावर देखरेख करणारा माणूस त्यांच्याच संप्रदायाच्या गोऱ्यांच्या चर्चमधला पदाधिकारी होता. १९८५ मध्ये तिथल्या धर्मशास्त्रज्ञांनी 'कैरोस' नावाचे निवेदन काढले आणि या वापराला राज्यसत्तेचे धर्मशास्त्र म्हणून उघडपणे नाकारले. चिकाने त्या कामात होते. पोलिसांना धीर देणाऱ्या प्रत्येक ख्रिस्ती संस्थेने हा प्रसंग लक्षात ठेवायला हवा. धीर द्यायचा म्हणजे पाठीशी घालायचे नाही. फिलिप्पैच्या नायकाने बाप्तिस्मा घेतला, पण आधी जखमा धुतल्या, हा क्रम पवित्र शास्त्रातलाच आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये पोलीस दलांत चॅपलेन, म्हणजे दलासोबत राहणारे पाद्री, ही पद्धत रुजली. १९७३ मध्ये अमेरिकेत पोलीस चॅपलेनांची स्वतःची संघटना झाली. त्यांचे काम व्यासपीठावरचे कमी, गाडीतले जास्त. शिपायाच्या बाजूला बसून गस्त काढायची, मृत्यूची बातमी द्यायला एखाद्या घराचे दार ठोठवायचे असेल तर बरोबर जायचे, गोळीबारानंतर पहाटे चहा घेऊन शेजारी थांबायचे.

मीखाएलचा दिवस मात्र अनेक ठिकाणी टिकला. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये कर्तव्यावर मेलेल्या पोलिसांचा स्मृतिदिन २९ सप्टेंबरला पाळतात. ब्रिटनमध्ये २००४ पासून त्या तारखेच्या जवळच्या रविवारी उपासना होते. पहिली लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये झाली, आणि ती सुरू व्हावी म्हणून धडपडला तो केंट पोलिसांतला एक सार्जंट. त्या उपासनेत वरून फुलांच्या पाकळ्या सोडतात, गेलेल्यांच्या आठवणीसाठी. आपल्याकडे हा दिवस २१ ऑक्टोबर. १९५९ मध्ये त्या दिवशी लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्ज इथे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे दहा जवान चिनी गोळीबारात मारले गेले. मुंबईत नायगावच्या मैदानावर संचलन होते आणि वर्षभरात गेलेल्यांची नावे वाचली जातात. त्या यादीत सगळ्या धर्मांची नावे असतात. मुंबई पोलिसांत हे मुरलेलेच आहे: माहीमच्या मखदूमबाबांच्या उरुसात पहिला मान पोलिसांचा, आणि दसऱ्याला ठाण्यात शस्त्रपूजा.

त्याच माहीममध्ये एक चर्च आहे. बुधवारच्या नोव्हेनासाठी, म्हणजे मरियेपुढच्या खास प्रार्थनेसाठी, ते साऱ्या मुंबईला ठाऊक आहे. १९४८ पासून दर बुधवारी हजारो लोक, त्यांत सगळ्या धर्मांचे, सदा साहाय्यकारी माउलीपुढे मेणबत्त्या लावायला येतात. पण मूळ चर्च पोर्तुगीजांच्या काळापासून आहे ते सेंट मायकलचे, म्हणजे मीखाएलचे. बुधवारी संध्याकाळी तिथे गर्दी रस्त्यावर येते. बेस्टच्या बसगाड्या तुंबतात, आणि फुटपाथच्या कडेला उभा राहून वाहतूक पोलीस हात दाखवत एकेक गाडी सोडत असतो. बुधवारी जाल तेव्हा दारातून आत शिरण्याआधी क्षणभर थांबून त्याच्या नेमपट्टीवरचे नाव वाचा, आणि आत मेणबत्ती लावताना ते नाव घ्या.