संचालक बोलले म्हणजे कर लागला?

‘अर्थशास्त्र संशोधन संस्थेच्या संचालकांनीच सांगितलंय, म्हणजे नवा कर येणार’ असा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. तसं वाटणं स्वाभाविक आहे. पद मोठं, त्यात संस्थेला बऱ्याचदा सरकारी अनुदानही असतं. पण अशा अनेक संस्था १८६०च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदलेल्या असतात. त्यांचे संचालक सल्ला देऊ शकतात, कर लावू शकत नाहीत. संविधानाच्या अनुच्छेद २६५नुसार कायद्याच्या आधाराशिवाय कोणताच कर लावता येत नाही.

पडताळायचं असेल तर आधी मूळ शोधनिबंध उघडा. बऱ्याचदा सुरुवातीलाच, बारीक टाइपात, ‘मतं लेखकांची, संस्थेची नव्हेत’ असं लिहिलेलं असतं. (फॉरवर्डमध्ये नेमकी हीच ओळ गळते!) मग केंद्र सरकारचं राजपत्र पाहा, ते ऑनलाइन मोफत मिळतं. केंद्राच्या कराचा दर खरंच बदलला असेल, तर तो कायदा किंवा अधिसूचना तिथे सापडेल.