ऑक्सिजन सेन्सरला पेट्रोल दिसत नाही

ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, पंपांवर आलं आणि जुन्या गाडीवाल्यांची काळजी वाढली. सेकंड हँड गाडी घेतलेले काही जण त्यावर उपाय म्हणून डॅशबोर्डवर हवा आणि इंधनाचं प्रमाण दाखवणारा एअर-फ्युएल गेज बसवून घेतात आणि आकडा 14.7 दिसला की निर्धास्त होतात. पण त्या आकड्यावरून टाकीत कोणतं पेट्रोल आहे हे मुळीच कळत नाही.

1 ग्रॅम शुद्ध पेट्रोल पुरतं जाळायला साधारण 14.7 ग्रॅम हवा लागते. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे त्याला 9 ग्रॅम पुरते. दोन्हींचा हिशेब केला की ई20 साठी सुमारे 13.5 येतात. तरी गेज 14.7 च दाखवतो, कारण त्याला जोडलेल्या, सायलेन्सरच्या पाइपातल्या ऑक्सिजन सेन्सरला फक्त धुरातला ऑक्सिजन कळतो. हवा गरजेच्या किती पट आहे, तो आकडा म्हणजे लॅम्डा. हवा नेमकी पुरेशी असेल तर लॅम्डा 1, हवा उरली तर 1 च्या वर, म्हणजे लीन, आणि इंधन उरलं तर 1 च्या खाली, म्हणजे रिच. गेज या लॅम्डाला 14.7 नं गुणून दाखवतो, एवढंच. गेजमध्ये सोय असेल तर तो सरळ लॅम्डावरच लावून ठेवावा.

सेन्सरच्या टोकाशी करंगळीच्या पेराएवढी झिर्कोनियाची (झिर्कोनियम ऑक्साइड या सिरॅमिकची) टोपी असते आणि त्या झिर्कोनियात थोडं इट्रियम ऑक्साइड मिसळलेलं असतं. झिर्कोनियमच्या आयनावर चार धनप्रभार, इट्रियमच्या आयनावर तीन. त्यामुळे दर दोन इट्रियममागे स्फटिकाच्या जाळीतली ऑक्सिजनची एक जागा रिकामी राहते. टोपी 300 अंश सेल्सिअसच्या वर तापली की या रिकाम्या जागांवरून ऑक्सिजनचे आयन पुढे सरकतात. इलेक्ट्रॉनना मात्र ती वाट जवळपास बंद असते. टोपीच्या आत मोकळी हवा, बाहेर इंजिनाचा धूर आणि दोन्ही अंगांना प्लॅटिनमचा सच्छिद्र थर. दाट बाजूचा ऑक्सिजन विरळ बाजूकडे जाऊ पाहतो आणि दोन थरांमध्ये व्होल्टेज तयार होतं.

किती व्होल्टेज, ते जर्मन रसायनशास्त्रज्ञ वाल्थर नेर्न्स्ट यांच्या 1889 च्या समीकरणातून निघतं: दोन बाजूंच्या ऑक्सिजनचं गुणोत्तर घ्यायचं, त्याचा नैसर्गिक लॉग काढायचा आणि 700 अंशांना त्याला 0.021 नं गुणायचं. लीन मिश्रणात धुरात 1 टक्का ऑक्सिजन उरला असेल तर गुणोत्तर 21, लॉग 3 आणि व्होल्टेज जेमतेम 0.06. रिच मिश्रणात प्लॅटिनम आपलं काम करतं. त्याच्या पृष्ठभागावर उरलासुरला ऑक्सिजन कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनशी संयोग पावून संपतो, आणि तिथला ऑक्सिजनचा दाब वातावरणाच्या दाबाच्या दहाच्या उणे एकोणिसाव्या घाताइतका खाली जातो. लॉग 42, व्होल्टेज जवळजवळ 0.9. लॅम्डा 0.99 वरून 1.01 वर जाताना हवेत फरक पडतो अवघा 2 टक्क्यांचा, पण प्लॅटिनमजवळचा ऑक्सिजन तेवढ्यात सोळा-सतरा घातांनी बदलतो. म्हणून व्होल्टेज धाडकन खाली येतं. मोटारींसाठी मापनाची याहून देखणी युक्ती मला माहीत नाही. बॉशनं ती 1976 साली व्होल्वोच्या गाडीत आणली.

पण या तीव्र उडीमुळेच जुन्या गाडीतला साधा चार वायरींचा सेन्सर मिश्रण रिच की लीन एवढंच सांगतो, किती ते सांगू शकत नाही. ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, 0.45 व्होल्टची रेघ धरतो: वर गेलं की पेट्रोल कमी करतो, खाली आलं की वाढवतो. त्यामुळे गरम इंजिनात व्होल्टेज 0.1 ते 0.9 मध्ये सतत झुलत असतं. या सेन्सरला जोडलेल्या स्वस्त एलईडी गेजचे दिवे नाचतात म्हणून सेन्सर बदलू नका, ते नाचायलाच हवेत. 0.45 च्या आसपास अडकून राहिलं तर आधी सेन्सरला तापवणारा आतला हीटर तपासा: दोन्ही पांढऱ्या वायरींमध्ये, सॉकेट काढून, थंड सेन्सरवर काही ओहम यायला हवेत. मल्टिमीटर काहीच दाखवत नसेल तर हीटर तुटला आहे.

प्रत्यक्ष लॅम्डा हवा असेल तर वाइडबँड सेन्सर लागतो. त्यात धूर एका बारीक पोकळीत झिरपतो. एक पेशी पोकळीतलं व्होल्टेज 0.45 वर आहे ना ते पाहते, तर दुसरी करंट घेऊन ऑक्सिजन आत-बाहेर उपसते. किती करंट लागला त्यावरून लॅम्डा कळतो. बॉशचा एलएसयू 4.9 हा वाइडबँड सेन्सर त्यासाठी सुमारे 780 अंशांवर ठेवावा लागतो. तो वीज न देता सायलेन्सरच्या पाइपात नुसता अडकवून ठेवला तर काजळी धरून वाया जातो. त्याच्यासाठी एम18 × 1.5 आट्यांचा नट वेल्ड करताना सेन्सर आडव्या रेषेच्या वर राहील असा करावा, नाहीतर धुरातलं पाणी साचून तापलेली सिरॅमिक तडकते.

वाइडबँडचा आकडा वाचतानाही भान हवं. पुण्याजवळचा कात्रज घाट चढताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की लॅम्डा 0.9 च्या खाली जाऊ शकतो. ते मुद्दाम केलेलं असतं. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून पाय काढला की काटा पार लीनला टेकतो, कारण इंजेक्टर बंद असतात. यात बिघाड काही नाही. खरा घोटाळा मिसफायरनं होतो. एका सिलिंडरचा प्लग मारत नसेल तर तिथली हवा न जळता बाहेर पडते, सेन्सर लीन म्हणतो, ईसीएम सगळ्याच सिलिंडरना जादा पेट्रोल देतो आणि ॲव्हरेज कोसळतं. सेन्सरच्या आधी मॅनिफोल्डचं गॅस्केट गळत असेल तरी हेच, कारण धुराच्या दोन ठोक्यांमधल्या ओढीनं बाहेरची हवा आत येते. सकाळी थंड इंजिनात टकटक आवाज आणि गरम झाल्यावर तो बंद, ही त्याची खूण. म्हणून पी0171 हा ‘मिश्रण लीन’ सांगणारा कोड आला की आधी प्लग, कॉइल, व्हॅक्यूमचे पाइप आणि गॅस्केट पाहावं. पुण्याच्या नाना पेठेत सेन्सर आणायला नंतर जावं.

इंजिन लॅम्डा 1 वर ठेवायचं काम ईसीएम सेकंदागणिक करत असतो. त्यामुळे पेट्रोलच्या पाइपला बांधायचे चुंबक आणि ओबीडी सॉकेटमध्ये (स्कॅनर जोडायच्या जागी) खोचायच्या ‘इंधन बचत’ डब्या यांवर पैसे घालवणं ही शुद्ध फसवणूक विकत घेणं आहे.

नवा सेन्सर बसवायला 22 मिलिमीटरचा फट असलेला सॉकेट पाना लागतो. जुना निघत नसेल तर इंजिन कोमट असताना सोडवावा, गार असताना जोर केला तर आटे जातात. आट्यांना लावायचं ग्रीस टोकाला लागता कामा नये. इंजिनावर साधं सिलिकॉन सीलंट वापरलं तर त्याची वाफ प्लॅटिनमवर काचेसारखा थर धरते आणि नवा सेन्सरही आंधळा होतो. पाकिटावर ‘सेन्सर सेफ’ लिहिलेलंच घ्यावं. वायर तुटली असेल तर डाग न देता क्रिंप करावी, कारण अनेक सेन्सरना आतली हवा वायरींच्या तारांमधूनच मिळते.

ई20 चा परिणाम पाहायचा तर स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीएम पेट्रोल सरासरी किती टक्के वाढवतो किंवा कमी करतो तो आकडा, बघा. ई10 वर शून्याच्या आसपास असलेला ट्रिम ई20 वर साधारण 4 टक्क्यांनी वर जाणं अपेक्षित आहे. 10 च्या पुढे गेला तर दोष इथेनॉलच्या माथी मारण्याआधी गळती शोधावी. कार्ब्युरेटरच्या गाडीत ही दुरुस्ती करणारं कोणी नसतं. शुद्ध पेट्रोलला लॅम्डा 1 वर जुळवलेली गाडी ई20 वर 1.08 च्या आसपास लीन चालते. तिथे मेन जेटच्या, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणाऱ्या नळीच्या, भोकाचा व्यास 4 टक्क्यांनी वाढला की क्षेत्रफळ 8 टक्क्यांनी वाढतं. सुरुवात एवढ्यावरच करावी आणि सपाट रस्त्यावर, एकसारख्या वेगात, वाइडबँडवर लॅम्डा पाहूनच पुढचा जेट घालावा.